कोरोनापासून आमच्या कोल्हापूरच्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) हस्तांदोलन बंदच आहे. स्पर्श नसल्याने मंडळीच्या जीवनावर खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, पण उपासनेपेक्षा जास्त फटका आजारी, एकट्या राहणाऱ्या आणि नव्याने आलेल्या माणसांना बसतो. जुने लोक हात न मिळवताही चर्चच्या फाटकाशी तासभर गप्पा मारतात. गडहिंग्लजहून शिकायला आलेल्या मुलाला मात्र कोणी हात धरून 'ये, बस' म्हटलं नाही, तर तो तिसऱ्या रविवारी येत नाही. मंडळीच्या घरभेटींच्या कामात हे सारखं दिसतं. शिवाय आपल्यात स्पर्श हा नुसता शिष्टाचार नाही. येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं (बायबल, मार्क १:४१), याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) दीक्षेत हस्तार्पण, म्हणजे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, असतं. महामारीत प्रार्थना फोनवर झाल्या, पण मयताच्या घरी खांद्यावर ठेवायचा हात फोनवरून पोचत नाही. एक मात्र आहे: शताधिपतीचा (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा) चाकर येशूने न शिवताच बरा केला (मत्तय ८), त्यामुळे स्पर्शाशिवाय विश्वास अपुरा, असं म्हणता येणार नाही. ज्यांना नको वाटतं त्यांना लांबून सलाम पुरे. पाळकांना सुचवायचंच तर आधी घरभेटी सुरू करायला सांगा, रविवारचं हस्तांदोलन नंतर.