निखाऱ्यांपाशी न्याहारी

प्रश्न : मी बार्देशातील कॅथलिक, २८ वर्षे बोटीवर काम केलेला तारवोटी. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा बहीण वारंवार फोन करून बोलावत होती आणि मी तिला 'रजा मिळत नाही' असे सांगत राहिलो. रजा मिळत होती. मला जादा पैसे सोडवत नव्हते. वडील गेले. पुढे कुमसार केला, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली, फादरांनी क्षमाही दिली. तरी चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेला मी शेवटच्या बाकावर बसतो आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला उठत नाही. देवाचे प्रेम बिनशर्त असते असे प्रवचनात ऐकतो, पण ते माझ्यासारख्यावर कसे असेल?
— एक वाचक, बार्देश

उत्तर : स्वतःचा बचाव करणारा एकही शब्द आपण लिहिलेला नाही, म्हणून मीही आडवळणाने लिहीत नाही. आपण खोटे बोललात आणि वडिलांचे ते दिवस परत येणार नाहीत. देवाचे प्रेम बिनशर्त आहे म्हणजे हे घडलेच नाही, असे नव्हे.

आपण बार्देशातले, तेव्हा २९ जूनला संत पेत्राच्या सणाला होड्या एकत्र बांधून सजवलेला सांगोड आपण लहानपणापासून पाहिला असेल. ज्याच्या सणाला भर पावसात तो सांगोड पाण्यात उतरतो, तो येशूचा शिष्य पेत्रही खोटेच बोलला होता. 'आपल्यासाठी मी जीव देईन' असे येशूला सांगणारा हा कोळी त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडी होती म्हणून निखाऱ्यांपाशी शेकत उभा राहिला आणि तीनदा त्याने येशूला ओळखण्याचेच नाकारले. योहानाने आपल्या शुभवर्तमानात त्या निखाऱ्यांसाठी वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात दोनदाच येतो : एकदा अठराव्या अध्यायात, या अंगणात, आणि पुन्हा एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठी. रात्रभर जाळे टाकूनही हाती काही न लागलेले शिष्य, येशूच्या सांगण्यावरून जाळे टाकताच मिळालेले १५३ मासे घेऊन किनाऱ्याला लागतात, तेव्हा तिथे निखारे आधीच फुललेले असतात, त्यांवर मासळी असते आणि सोबत भाकर. किनाऱ्यावर निखाऱ्यांवर बांगडा भाजताना कपड्यांत शिरणारा धुराचा वास ज्याने अनुभवला आहे, त्याला पेत्राच्या मनात त्या क्षणी काय दाटून आले असेल हे वेगळे सांगायला नको.

येशू आधी म्हणतो, 'या, न्याहारी करा.' प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही 'का नाकारलेस?' असा नसून 'माझ्यावर तुझी प्रीती आहे काय?' असा, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते. जखमेला हात लागतोच, पण जेवू घातल्यावर. आणि लगेच मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले जाते. पुढे अंत्युखिया शहरात हाच पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीतून उठला आणि प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावले. म्हणजे तो निर्दोष झाला म्हणून त्याला जवळ केले, असे कधीच घडले नाही. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. त्यातल्या 'असतानाच' या शब्दापाशी आपण थांबावे, असे मला कळकळीने वाटते.

ख्रिस्तप्रसादापूर्वी, तू माझ्या छपराखाली यावेस इतकी माझी योग्यता नाही, हे शुभवर्तमानातल्या रोमी शताधिपतीचे, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्याचे, शब्द फादरांसकट सगळेच म्हणतात. रांगेत योग्य असा कोणीच नसतो. क्षमा मिळूनही मागे बसून राहण्याला आपण नम्रता समजत असाल, पण तसे करताना आपण स्वतःचा निवाडा देवाच्या निवाड्याच्या वर ठेवत आहात.

बहिणीला खरे सांगितले की नाही, ते आपण लिहिलेले नाही. सांगितले नसेल तर तिच्या घरी जाऊन सांगा आणि ती रागावली तर मध्ये न बोलता ऐकून घ्या. मात्र ते सांगणे ही ख्रिस्तप्रसादाची अट करू नका. या रविवारी आधी बाकावरून उठा. बहिणीकडे त्यानंतर जा.