कर्णबधिर भावाला नाशिकच्या कारखान्यात नोकरी मिळेल का, आणि ती टिकेल कशी?
होय, आयटीआय झालेल्या आपल्या कर्णबधिर भावाला सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळू शकते. अर्जासोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडावी आणि कंपनीकडे तिचे समान संधी धोरण मागावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेला असे धोरण जाहीर करावे लागते, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात योग्य पदे, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, साहाय्यक साधने आणि संपर्क अधिकाऱ्याची (दिव्यांग कर्मचाऱ्यांची भरती व सोयी पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) नेमणूक यांचा उल्लेख करायचा असतो. नोकरी टिकवण्यासाठी यांपैकी संपर्क अधिकारी मला सर्वांत उपयोगाचा वाटतो (अर्थात, तो केवळ कागदावर नसेल तर). कामाच्या सूचना लेखी मिळणे, भोंग्यासोबत चमकणारा दिवा असणे, अशा मागण्या रुजू होतानाच त्याच्याकडे लेखी द्याव्यात, कारण पर्यवेक्षक बदलला की तोंडी ठरलेले सहसा मागे पडते. मात्र कलम ३४ मधील किमान ४ टक्के आरक्षण केवळ सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कंपनीकडे ते हक्क म्हणून मागता येत नाही.