वर्दी उतरल्यावर हाती काय उरतं?

‘फौजी माणूस धंद्यात टिकत नाही.’ विदर्भातल्या खेड्यांत हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं, की निवृत्त जवान ते ऐकत ऐकतच दुकान उघडतो. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेक माजी सैनिकांची हीच धास्ती असते. वाशीम जिल्ह्यातल्या एका हवालदारांचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

२४ वर्षं नोकरी करून ते चव्वेचाळिसाव्या वर्षी गावी आले. अर्धी पेन्शन विकून (म्हणजे तेवढा हिस्सा १५ वर्षांसाठी सोडून) आलेली एकरकमी रक्कम आणि ग्रॅच्युइटी त्यांनी डाळमिलमध्ये घातली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळमिल त्यांनी निवडली. निवड चांगली होती. पहिल्या हंगामात तूर भरपूर आली, डाळ करून देण्याची मजुरी मात्र शेतकऱ्यांकडे उधार राहिली. ‘मेजर, सोयाबीन निघू द्या, देतो.’ गावात हवालदार असो की शिपाई, सगळे मेजरच. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, पैसे आले नाहीत. मग एक दिवस पारावर चारचौघांत ते एका शेतकऱ्यावर कडाडले. पुढच्या हंगामात निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या गावी वळली.

त्यांची पत्नीच त्यांना घेऊन आली. ‘यायनं घराची बी बराक केली, मॅडम. लेकरं जेवतानी तोंडातून शब्द काढत नाहीत.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘२४ वर्सं वाया गेल्यासारखी वाटतात. तिथं शिकलो त्यातलं इथं काहीच चालत नाही. आपलेच पैसे मांगाले लाज वाटते, अन् मांगतो तवा राग येते.’

अशा वेळी मी आधी झोप, स्वप्नं आणि दारू यांबद्दल विचारते. तिथे काही बिघडलं असेल तर धंद्याची चर्चा थांबवून आधी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगते. यांचं तसं नव्हतं. मग त्यांना एक वही दिली. प्रत्येक पोस्टिंग लिहायची आणि समोर दोन रकाने: वर्दीमुळे काय झालं, आणि मी स्वतः काय केलं.

सुरुवातीला दुसरा रकाना रिकामाच राहिला. पदकं, हुकूम, सलाम, सगळं पहिल्यात. कामठीच्या गार्ड्स सेंटरच्या (गार्ड्स रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र) पानावर मात्र ते थांबले. तिथे त्यांनी रंगरूट, म्हणजे नवे भरती झालेले जवान, घडवले होते. कोणता पोरगा घरच्या आठवणीने जेवत नाही, कोणाच्या बापाचं कर्ज थकलंय, कोण नुसता कामचुकार आहे, हे त्यांना आठवडाभरात कळायचं. मी विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी हुकूम देऊन शिकवलं?’ त्यांनी ते दुसऱ्या रकान्यात लिहिलं.

माझ्या मते खरी अडचण इथेच असते. शिस्तीमुळे कोणी धंद्यात बुडत नाही. पण फौजेत दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार येतो, राशन येतं, तोटा झाला तर तो सरकारचा. तिथे चूक म्हणजे डाग. त्यामुळे धंद्यातला साधा तोटाही या माणसांना बेइज्जती वाटतो आणि उधारी बुडवणारा दगाबाज. आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा पिकाबरोबरच येतो, आणि पाऊस हुकला की तोही येत नाही. यात कोणी मेजरचा अपमान करत नसतो.

मग त्यांनी रंगरूटांची पारख गिऱ्हाइकांना लावली. ज्याच्याकडे खरंच रोख नाही, त्याच्या मजुरीइतकी डाळ ठेवून घ्यायची आणि ती स्वतः विकायची. जो टाळतो, त्याचं पुढचं पोतं रोख पैशांशिवाय घ्यायचं नाही, पण आवाज चढवायचा नाही. हिशोबाची वही पत्नीकडे दिली. हा बदल त्यांना सर्वांत जड गेला, आणि सर्वांत उपयोगी पडला. उरलेली पेन्शन घरखर्चाला, मिलला तिचा एक रुपयाही नाही, हेही तिनेच ठरवलं. विकलेला हिस्सा १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तोवर चूल याच पैशांवर चालायची आहे.

मुलांशी बोलणं सुधारायला जास्त वेळ लागला, अजून लागतोय. गिऱ्हाइकं हळूहळू परतली, सगळी नाही. आता त्यांना दुसरी मशीन घ्यायची आहे. पत्नी म्हणते, आणखी एक हंगाम थांबा. मी तिच्या बाजूने आहे.

ज्यांची नोकरी अजून वर्षभर बाकी आहे, त्यांना तीन गोष्टी सांगते. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीआधीच करून घ्या. आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा: ग्रामीण भागात माजी सैनिकाचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के असतं. म्हणजे आयुष्यभराची पुंजी एका शेडमध्ये ओतायची गरज नाही. अर्ज करण्याआधी रजेवर आलात की आठ-दहा दिवस कोणाच्या तरी मिलवर, दुकानावर बसा. उधारी मागताना मालक काय बोलतो, ते ऐका.