साइट उघडते म्हणजे ती चालतेच असं नाही

छोट्या बिझनेसच्या वेबसाइट्सची देखभाल, या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते आणि ते भरपूर आले. सगळे वाचल्यावर एक गोष्ट सारखी जाणवली, ती म्हणजे साइट बिघडली तरी कोणी येऊन सांगत नाही. ग्राहकाला फॉर्म चालला नाही तर तो गुपचूप दुसरीकडे जातो, आणि मालकाला वाटतं की सध्या मंदी आहे. म्हणून यावेळी नेहमीपेक्षा थोडं सविस्तर लिहितोय.

प्रश्न: आमची साइट तीन वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर बनवली. तेव्हापासून काहीच बदललं नाही आणि ती छान उघडते. आता डेव्हलपर म्हणतोय वर्षाचा मेंटेनन्स घ्या. ज्याला हातच लावला नाही ते बिघडणार कसं?

तुम्ही हात लावला नाही हे बरोबर, पण साइट एकटी नसते ना. खाली सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय ती) असतं, त्यावर वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, त्यावर थीम म्हणजे साइटचं रूप, आणि मग दहा-पंधरा प्लगइन्स, म्हणजे जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आणि हे सगळं वेगवेगळे लोक बनवतात आणि आपापल्या वेळापत्रकाने बदलत राहतात. पीएचपी 7.4 ला सिक्युरिटीच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झालं, तरी त्यावर चालणाऱ्या साइट्स अजून दिसतात, आणि त्या वरून अगदी ठणठणीत वाटतात.

एक उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल. सप्टेंबर 2020 मध्ये वर्डप्रेसच्या 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगइनमध्ये एक भोक सापडलं, तेव्हा तो प्लगइन 7 लाखांहून जास्त साइट्सवर होता. लॉगिन न करता कोणीही बाहेरून साइटवर स्वतःची फाइल चढवू शकत होतं आणि मग ती चालवू शकत होतं, म्हणजे घराची चावीच मिळाली म्हणा. दुरुस्त केलेलं व्हर्जन लगेच आलं, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्यावर हल्ले होत राहिले. आणि असे हल्ले करणारं कोणी माणूस तुमची साइट निवडून बसलेलं नसतं, स्क्रिप्ट असते ती, एकामागून एक लाखो साइट्सचं दार ढकलून बघते. "आमचा एवढासा धंदा, आमच्या साइटला कोण हात लावतंय" हा विचार म्हणूनच चुकीचा आहे.

मेंटेनन्स जरूर घ्या, पण आधी नेमकं काय करणार ते लिहून घ्या. अपडेट किती दिवसांनी, बॅकअप कुठे ठेवणार, साइट बंद पडली तर किती वेळात बघणार, हॅक झाली तर साफ करणं यातच धरलंय की वेगळे पैसे. "सगळं बघतो आम्ही" एवढंच उत्तर आलं तर पैसे देऊ नका.

प्रश्न: दोन महिने झाले, साइटवरच्या फॉर्ममधून एकही चौकशी आली नाही. आधी आठवड्याला चार-पाच तरी यायच्या. साइटवर लोक येतायत हे दिसतंय. काय झालं असेल?

हे वाचायचं बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या फोनवरून तो फॉर्म भरून बघा, तुमचा पर्सनल ईमेल टाकून. बहुतेक "धन्यवाद, तुमचा मेसेज मिळाला" असं हिरव्या अक्षरात येईल आणि ईमेल मात्र येणार नाही. त्या हिरव्या ओळीचा अर्थ एवढाच की साइटने मेल सर्व्हरच्या हातात दिला, पुढे तो पोचला की नाही हे साइटला माहीतच नसतं.

अशा वेळी मी सगळ्यात आधी फॉर्मच्या सेटिंगमधली 'फ्रॉम'ची ओळ बघतो. बऱ्याच ठिकाणी तिथे फॉर्म भरणाऱ्या ग्राहकाचाच ईमेल टाकलेला असतो, म्हणजे रिप्लाय दाबला की सरळ त्याला जावा म्हणून. हेतू चांगला, पण होतं काय की ग्राहकाने स्वतःचा जीमेलचा पत्ता दिला, आणि तुमचा सर्व्हर जगाला सांगतो की हा मेल या जीमेल पत्त्यावरून आलाय. मेल घेणारा सर्व्हर तपासतो तर तो जीमेलच्या सर्व्हरवरून निघालेलाच नाही. मग तो त्याला बनावट धरतो आणि स्पॅममध्ये टाकतो नाहीतर परतच लावतो. पूर्वी हे खपून जायचं, पण आता मेलवाले कडक झालेत, फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू दोघांनीही पाठवणाऱ्यांसाठीचे नियम घट्ट केलेत.

करायचं काय, तर 'फ्रॉम'मध्ये तुमच्याच डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, ईमेल पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाका. सर्व्हरच्या साध्या पद्धतीने मेल न पाठवता तो एसएमटीपीमधून, म्हणजे तुमच्या मेल अकाउंटमध्ये लॉगिन करून पाठवा, त्यासाठी फ्री प्लगइन मिळतात. आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्जच्या यादीत) एसपीएफ आणि डीकेआयएम ही, मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारी, दोन रेकॉर्ड्स आहेत का ते बघून घ्या, तुम्ही ज्यांच्याकडून मेलची सेवा घेतलीय ते लोक ती बनवून देतात, चिकटवायची फक्त.

अजून एक काम, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फॉर्ममधला मजकूर मेलबरोबर साइटच्या डेटाबेसमध्येही सेव्ह होईल असं करा. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 सारखा लोकप्रिय प्लगइन स्वतःहून काहीच साठवत नाही, मेल हरवला की चौकशी हरवली, त्याला जोडीला फ्लेमिंगो नावाचा प्लगइन लावावा लागतो. तुमचा फॉर्म साठवणारा असेल तर दोन महिन्यांच्या चौकश्या आत पडून असतील, आजच उघडा आणि उशीर झाला तरी प्रत्येकाला उत्तर द्या. स्पॅम फोल्डर पण चाळा.

प्रश्न: डोमेन आमच्या डेव्हलपरने त्याच्या अकाउंटवरून घेतलं होतं. आता तो फोन उचलत नाही. चार महिन्यांनी रिन्यूअल आहे. वाट बघू का?

अजिबात नको. आलेल्या प्रश्नांमधला सगळ्यात गंभीर हाच आहे, कारण साइट हरवली तर परत बनवता येते, डोमेन गेलं तर तुमचा पत्ता, तुमचे ईमेल आणि गूगलवरची इतक्या वर्षांची ओळख, सगळं एकदम जातं.

आधी आयकॅन या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर डोमेन टाकून बघा. मालकाचं नाव हल्ली बहुतेक वेळा झाकलेलं असतं पण रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते हे दिसतं. मग डेव्हलपरला लेखी, सौम्य भाषेत मेल करा. भांडण काढू नका, मागणी स्पष्ट ठेवा: त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही तुमच्या नावाने अकाउंट उघडलंय, डोमेन त्यात हलवून द्या, ते जमत नसेल तर डोमेन दुसरीकडे हलवू न देणारं लॉक काढून ट्रान्सफर कोड द्या. उत्तर नाहीच आलं तर बिलं, पैसे दिल्याचे पुरावे, बिझनेस रजिस्ट्रेशन आणि जुने मेल्स घेऊन रजिस्ट्रारला लिहा. ते देतीलच याची खात्री नाही, कारण त्यांच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, म्हणूनच चार महिने हातात असताना आत्ता सुरुवात करायची.

मुदत संपली तर काय होतं हेही सांगतो. डॉट कॉम असेल तर रजिस्ट्रार थोडे दिवस सवलत देतो, ती जास्तीत जास्त 45 दिवस असू शकते पण प्रत्येकाची वेगळी. मग 30 दिवस असे येतात की जादा पैसे भरून डोमेन सोडवता येतं, नंतर 5 दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ते मोकळं, जो आधी पकडेल त्याचं. बाकी एक्स्टेन्शन्सचे (डॉट इन वगैरे) नियम वेगळे असतात. आणि हे फक्त छोट्यांचंच होतं असं समजू नका, 1999 च्या डिसेंबरमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम, ज्यावरून हॉटमेलचं लॉगिन चालायचं, ते रिन्यू करायला विसरली होती आणि हॉटमेलच्या लोकांना लॉगिन करता येईना.

डोमेन हातात आलं की दोन गोष्टी लगेच करा. ऑटो-रिन्यू चालू करा आणि त्यावरच्या कार्डाची मुदत बघा, कारण कार्ड बदललं की ऑटो-रिन्यू गप्पच बसतं. आणि रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग "डोमेन बंद पडलंय" हे सांगणारा मेल येणार कुठे?

प्रश्न: होस्टिंगवाले रोज बॅकअप घेतात असं त्यांच्या पानावर लिहिलंय. मग वेगळा घ्यायची गरज आहे का?

आहे. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग (लोकांच्या साइट्स आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या) कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळून गेली, आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. आग रोज लागत नाही हे मान्य, पण होस्टिंगचं बिल थकून अकाउंट सस्पेंड होणं, पासवर्ड चोरीला जाणं हे होतच असतं आणि तेव्हाही साइट आणि बॅकअप एकाच कुलपात अडकतात.

म्हणून एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, क्लाउड ड्राइव्हवर किंवा घरच्या हार्ड डिस्कवर. त्यात फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही हवेत, नुसत्या फाइल्स असतील तर फोटो परत येतील पण पानांवरचा मजकूर आणि ऑर्डर्स नाहीत. आणि सहा महिन्यांतून एकदा तरी तो बॅकअप एखाद्या टेस्ट साइटवर उलगडून बघा. कधीच न उघडलेल्या झिप फाइलवर माझा तरी विश्वास नाही.

प्रश्न: अपडेटचं बटण दाबायची भीती वाटते. मागे एकदा दाबलं आणि साइट पांढरी झाली.

भीती समजू शकतो, पण अपडेट टाळणं हा त्यावरचा उपाय नाही, पद्धत बदलणं हा आहे. आधी बॅकअप. मग सगळे प्लगइन्स एकदम न निवडता एकेक अपडेट करा आणि प्रत्येकानंतर होमपेज, फॉर्म आणि पेमेंट असेल तर चेकआउट उघडून बघा, म्हणजे बिघडलंच तर कोणामुळे ते कळतं. शुक्रवारी संध्याकाळी करू नका, मदत करणारं कोणी मिळत नाही. होस्टिंगमध्ये स्टेजिंगची सोय असेल, म्हणजे साइटची जुळी प्रत, तर आधी तिच्यावर करा.

आणि तरीही पांढरी झाली तर घाबरू नका. 2019 पासून वर्डप्रेसमध्ये रिकव्हरी मोड आहे, मोठी एरर आली की अ‍ॅडमिनच्या ईमेलवर एक लिंक येते, त्यातून आत शिरून तो प्लगइन बंद करता येतो (तो अ‍ॅडमिन ईमेल कोणाचा आहे ते आत्ताच बघा, बऱ्याचदा जुन्या डेव्हलपरचाच निघतो). मेल नाही आला तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये जा, शेवटी अपडेट केलेल्याच्या फोल्डरचं नाव बदला, मागे नुसतं 'जुनं' लावलं तरी चालतं, इंग्रजी अक्षरात. वर्डप्रेसला तो सापडत नाही, प्लगइन बंद पडतो आणि साइट परत दिसायला लागते.

जे प्लगइन्स वापरत नाही ते डिअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवू नका, डिलीटच करा. बंद असला तरी त्याच्या फाइल्स सर्व्हरवर असतात आणि भोकही तिथेच असतं.

प्रश्न: ब्राउझरमध्ये अचानक "कनेक्शन सुरक्षित नाही" येतंय.

बहुतेक एसएसएल सर्टिफिकेटची, म्हणजे साइटशी होणारं बोलणं सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राची, मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फ्री सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि मुदत संपायच्या आधी ते जे आठवणीचे मेल पाठवायचे ते 2025 च्या जूनपासून बंद झालेत. विकतच्या सर्टिफिकेट्सची मुदतही कमी होत चाललीय, मार्च 2026 पासून जास्तीत जास्त 200 दिवस आणि मार्च 2029 पासून फक्त 47. त्यामुळे हाताने रिन्यू करायचा नाद सोडा, होस्टिंगवाल्यांना आपोआप रिन्यू चालू करून द्यायला सांगा, ते देत नसतील तर होस्टिंग बदला.

प्रश्न: गूगलवर आमचं नाव शोधलं तर खाली जपानी अक्षरातली पानं दिसतात. आम्ही ती बनवलेली नाहीत!

साइट हॅक झालीय. हा प्रकार इतका जुना आणि नेहमीचा आहे की गूगलने त्यावर वेगळं मदतीचं पान लिहून ठेवलंय. तुम्ही त्या लिंकवर क्लिक केलंत तर "पान सापडलं नाही" असं दिसू शकतं आणि तुम्हाला वाटेल की गेलं, पण तसं नसतं, तुम्हाला एक आणि गूगलला दुसरं दाखवायची सोय हॅकर्सनी करून ठेवलेली असते.

आधी गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे गूगलला तुमची साइट कशी दिसते ते सांगणारं टूल, उघडा (तुमची साइट त्यात जोडलेली नसेल तर आज जोडा, फ्री आहे) आणि तिथल्या युजर्समध्ये अनोळखी मालक आहे का बघा, हॅकर स्वतःलाच मालक म्हणून जोडून घेतात. मग वर्डप्रेसमधले अनोळखी अ‍ॅडमिन काढा, होस्टिंग, डेटाबेस, एफटीपी (सर्व्हरवर फाइल्स चढवायचा), अ‍ॅडमिन सगळे पासवर्ड बदला, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत फोनवरचा कोड, लावा. हॅकच्या आधीचा बॅकअप असेल तर तो परत चढवून लगेच सगळं अपडेट करा, नाहीतर त्याच भोकातून परत येतील. बॅकअप नसेल तर साफ करायला जाणकार माणूस लागेल, उगाच एकेक फाइल डिलीट करत बसू नका. आणि फुकट मिळाली म्हणून पैसे देऊन घ्यायची थीम भलत्या ठिकाणहून उतरवली असेल तर आधी ती काढा, मला तरी पहिला संशय तिचाच येतो.

प्रश्न: मला यातलं टेक्निकल काही कळत नाही आणि वेळही नाही. निदान काय करू?

महिन्यातून एकदा ग्राहक होऊन साइट बघा, त्याला टेक्निकल काही लागत नाही. फोनवर, मोबाइल डेटा चालू ठेवून, इन्कॉग्निटोमध्ये. ऑफिसच्या वायफायवर आणि लॉगिन असताना साइट नेहमी जास्त चांगली दिसते. फोन नंबरवर बोट ठेवा, कॉल लागतो का? मॅप योग्य जागी नेतो का? फॉर्म भरा. एखादी वस्तू कार्टमध्ये टाकून पेमेंटपर्यंत जा. कामाच्या वेळा, किमती, सोडून गेलेल्या माणसांचे फोटो, संपलेल्या ऑफर्स बघा. पान उघडायला वेळ लागत असेल तर बहुतेक कोणीतरी फोनमधून काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, तो छोटा करून वेबपी या हलक्या फाइल प्रकारात टाका.

प्रश्न: फुटरमध्ये (पानाच्या तळाशी) अजून 2021 दिसतंय. चालेल ना?

कायद्याने काही अडत नाही, पण बघणाऱ्याला वाटतं की दुकान बंद झालं. डेव्हलपरला वर्ष आपोआप बदलेल असं करायला सांगा, एका ओळीचं काम आहे, आणि तो तिथे गेलाच आहे तर फुटरमधला ईमेल अजून चालू आहे का तेही तपासायला सांगा.