एआरटीच्या गोळ्यांनी हार्टच्या नसा ब्लॉक होतात का?

प्रश्न: वय ४३, सोलापूरजवळ राहतो. एचआयव्ही निघाला, दीड महिन्यापासून एआरटी सेंटरची (एचआयव्हीच्या उपचार केंद्राची) टीएलडी चालू आहे, म्हणजे तीन औषधांची एकत्र गोळी, रात्री एक. ओळखीतले एकजण म्हणतात या गोळ्यांनी नसा चोंदतात, त्यांच्या भावाला अटॅक आला होता म्हणे. माझे वडीलपण हार्टनेच गेले. वजन तीन किलो वाढलंय, मावा खातो (कमी केलाय). गोळी काही दिवस बंद ठेवून टू-डी इको करू का? आणि हार्टच्या डॉक्टरला एचआयव्हीचं सांगायलाच लागतं का?

उत्तर: दादा, आधी एक गोष्ट, गोळी बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. ओळखीतले अगदीच हवेत बोलत नाहीयेत, पूर्वी स्टॅव्ह्युडिन नावाची गोळी होती तिने गाल आत जायचे, हातापायाची चरबी उतरायची, लोपिनावीरने कोलेस्टेरॉल चढायचं, ते लोकांच्या डोक्यात बसलंय. तुमच्या टीएलडीत यातलं एकही औषध नाही.

नसांना खरा त्रास व्हायरसचाच. उपचार नसतील तर शरीरात सतत बारीक सूज चालू राहते, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं आणि मग तिला वेळेवर फुगता येत नाही. हे मोजतात कसं तर दंडाला बीपीचा पट्टा पाच मिनिटं गच्च आवळून ठेवायचा, मग एकदम सोडायचा आणि रक्ताचा लोंढा आला की नस किती रुंदावते ते सोनोग्राफीत बघायचं. अमेरिकेत नवीन गोळ्या सुरू केलेल्या ८२ जणांवर हे करून बघितलं, २००८ साली छापून आलं, आणि चारच आठवड्यांत नस आधीपेक्षा चांगली रुंदावायला लागली होती! औषधं तुमच्यापेक्षा वेगळी होती, पण व्हायरस दाबला की नसेला आराम पडतो एवढं त्यातून कळतं. उलट २००६ च्या 'स्मार्ट' अभ्यासात सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आहे म्हणून ज्यांच्या गोळ्या मधेमधे थांबवल्या त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले, हार्टचा त्रासपण जास्त दिसला.

म्हणून धोका शून्य झाला असं नाही हं. एचआयव्ही असलेल्यांना अटॅकचा धोका इतरांच्या साधारण दीड ते दोन पट धरतात, गोळ्या चालू असल्या तरी थोडी सूज उरतेच. त्यात वडिलांची हिस्टरी आणि तुमचा मावा. "कमी केलाय" म्हणजे किती ते तुम्हालाच माहीत, पण सुपारी-तंबाखू पूर्ण सोडायला लागेल, सेंटरमधल्या काऊन्सेलरशी बोला. वजनाचं म्हणाल तर टीएलडीतल्या डोल्युटेग्रावीर या औषधावर काहींचं वाढतं, थोडं तब्येत भरून आल्यामुळेही असतं, पण पोटाचा घेर वाढत असेल तर जेवणाकडे बघा आणि चालायला लागा.

टू-डी इकोत हार्टचं पंपिंग दिसतं, नसेतला ब्लॉक दिसत नाही, त्यामुळे काही त्रास नसेल तर आत्ता तिथे पैसे घालू नका. त्यापेक्षा बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करा. स्टॅटिनबद्दलही (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) डॉक्टरांना विचारा, कारण २०२३ मध्ये 'रिप्रीव्ह' नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात भारतातलेही पेशंट होते, ४० ते ७५ वयाच्या आणि फार जास्त धोका नसलेल्या एचआयव्हीच्या पेशंटना रोज पिटाव्हास्टॅटिन दिल्यावर अटॅक, लकवा असले प्रकार साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. आणि छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरला सांगायचं का? सांगाच. उद्या शुगर निघाली आणि मेटफॉर्मिन लागली तर टीएलडीबरोबर ती सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. ॲसिडिटीचं पातळ औषध घ्यायचं तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर घ्यायची. हे त्यांना कळायला चालू गोळीचं नाव माहीत हवं ना! गावात बोभाटा होईल ही भीती समजते, पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सेंटरचं हिरवं-पांढरं जे काही कार्ड मिळालंय ते बरोबर न्या आणि आत गेल्यावर, दार लावून, दाखवा.