वाचकांचे प्रश्न : कोटणीस स्मारकात विचारलेला एक प्रश्न

प्रश्न : मी सोलापुरातील एका शाळेत इतिहास शिकवते. दहावीच्या मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात नेले असता एका मुलाने विचारले, "डॉक्टरांनी चीनमध्ये जीव वेचला, पंचशील करारही झाला, तरी १९६२ मध्ये युद्ध झालेच. मग वाटाघाटींचा उपयोग काय?" मला नीट उत्तर देता आले नाही. आपण काय सांगाल?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : प्रश्न रास्त आहे, मात्र त्यात सद्भावना आणि मुत्सद्देगिरी यांची गल्लत झाली आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकासोबत गेलेले कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले, आणि त्यांची आठवण चीनमध्ये आजही आदराने जपली जाते. ही सद्भावना अमोल आहे, पण तिने सीमा आखली जात नाही. १९५४ चा हा पंचशील करार तिबेटशी होणारा व्यापार आणि यात्रा यांविषयीचा होता. पाच तत्त्वे त्याच्या प्रास्ताविकात आली, सीमेचा वाद मात्र तसाच राहिला. कराराची मुदतही आठच वर्षांची होती आणि ती युद्धाच्या काही महिने आधी संपली. जो वाद मिटवायचा होता त्यालाच या कराराने हात घातला नव्हता, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

आता त्यांच्यापुढे पश्चिम बंगालमधील कूचबिहारचा नकाशा ठेवा. तिथे बांगलादेशाच्या पोटात भारताची १११ आणि भारताच्या पोटात बांगलादेशाची ५१ बेटवजा गावठाणे होती, आणि तिथल्या रहिवाशांना शाळेत जायचे तरी परका देश ओलांडावा लागे. इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी १९७४ मध्ये केलेला करार प्रत्यक्षात यायला २०१५ उजाडले, कारण भारताला त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. ती संसदेत एकमताने संमत झाली. या अदलाबदलीत भारताच्या वाट्याला कमी जमीन आली, तरी ती आपण स्वीकारली, आणि लोकांना नागरिकत्व निवडता आले. एकेचाळीस वर्षे लागली. माझ्या मते ही चिकाटी शौर्याहून कमी प्रतीची नाही.

सैन्य नको, असे यातून निघत नाही. १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असे भारत आणि चीन यांनी ठरवले होते, तरीही जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान हुतात्मा झाले. हे मुलांपासून लपवू नये. पण त्या झटापटीत बंदुका चालल्या नाहीत, हेही सांगावे. आपल्या राज्यघटनेचे ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सोडवण्यास उत्तेजन द्यावे, असे शासनसंस्थेला सांगते, आणि २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील सागरी सीमेविषयीचा बराचसा बांगलादेशाच्या बाजूने लागलेला लवादाचा निवाडा भारताने मान्यही केला. पुढच्या तासाला हे कलम मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच आधी वाचायला सांगा.