दिरांचे नाव दाव्यातून वगळू नका

प्रश्न : साडेचार महिन्यांपूर्वी पहाटे धुक्यात आम्ही दिरांच्या गाडीने गावी निघालो होतो. मी पुढे, त्यांच्या शेजारी बसले होते. महामार्गावर पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याला जाऊन धडकली. पट्टा होता म्हणून तेव्हा मला काही झाले नाही. मोबाइल पायाशी पडला होता. तो घ्यायला मी पट्टा काढला, उजवा हात डॅशबोर्डवर टेकवून वाकले, तेवढ्यात मागून पिकअप आदळला. त्याच्या मागे बस होती, तीही धडकली. माझे उजवे मनगट मोडले, प्लेट घातली आहे. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला १५,००० रुपये सुटायचे. आता कात्री धरता येत नाही. एफआयआर दिरांवर झाला आहे. ट्रकवाले म्हणतात, चूक मागच्याची. पिकअपवाले म्हणतात, तुमची गाडी आधीच ठोकलेली होती. पिकअपमालकाचा माणूस ४०,००० रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन येऊन गेला. सासूबाई म्हणतात, घरच्या माणसावर केस करायची नाही. मी दावा करू तरी कुणावर? (वय ३४)

उत्तर : ताई, आधी तारखेचे बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी बरीच वर्षे मुदतच नव्हती, त्यामुळे ‘दावा काय, कधीही लावता येतो’ असे सांगणारे अजून भेटतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे आहेत. अपघात झाला त्या जिल्ह्यात खेटे घालण्याचीही गरज नाही. तुम्ही राहता त्या हद्दीतल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो. भरपाईवरचे व्याजही अर्जाच्या तारखेपासून धरता येते, म्हणून उशिराचा तोटा दुहेरी आहे.

आता कुणावर. ट्रक, दिरांची गाडी, पिकअप आणि बस, चारही वाहनांचे चालक, मालक आणि विमा कंपन्या प्रतिवादी करा. हो, दिरांसकट.

हे वाचून घरात काय होईल याची मला कल्पना आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक प्रकरणांत गाडी कुणा ना कुणा नातेवाइकाचीच असते, आणि ‘त्यांना सोडून बाकीच्यांवर करा’ हे पहिले वाक्य असते. मी दर वेळी त्याला नकार देतो. तुम्ही गाडीत बसलेल्या होतात, चालवत नव्हतात. कुणाच्या चुकीने किती झाले हे सिद्ध करून दाखवण्याचे ओझे तुमच्या डोक्यावर नाही. दोन किंवा अधिक चालकांच्या हयगयीने तिसऱ्याला दुखापत झाली तर तिला संयुक्त हयगय म्हणतात. २०१५ च्या खेन्येई निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा वेळी जखमी माणूस दोषी वाहनांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई वसूल करू शकतो. मग त्या मंडळींनी आपापसात वाटणी करून घ्यावी.

पण ‘दोषी वाहनांपैकी’ हा शब्द पकडून ठेवा. समजा तुम्ही दिरांना वगळले आणि न्यायाधिकरणाचे मत पडले की सगळी चूक त्यांचीच होती. मग ट्रक सुटला, पिकअप सुटला, बस सुटली, आणि ज्यांच्याकडून पैसे मिळायचे ते दाव्यात नाहीतच. तुमच्या हातात शून्य. एफआयआर त्यांच्यावरच आहे, तेव्हा ही शक्यता हवेतली नाही.

सासूबाईंना एवढे सांगा की हा फौजदारी खटला नाही. दिरांना यात शिक्षा होत नाही, आणि न्यायाधिकरणाने हयगयीबद्दल जे ठरवले ते फौजदारी कोर्टावर बंधनकारक नसते. पैसे भरायचे ते त्यांच्या विमा कंपनीने, तेही पॉलिसी योग्य असेल तर. म्हणून आजच त्यांच्याकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती पॅकेज, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी त्यात येते. नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीतला प्रवासी साधारणपणे त्यात धरत नाहीत, आणि मग दिरांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या खिशातून जाण्याची भीती खरी आहे. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तसे निघाले तरी त्यांना वगळू नका. उलट बाकी तिघांविरुद्धचा पुरावा अधिक घट्ट करा, कारण त्यांच्यापैकी एकाची हयगय सिद्ध झाली तरी त्याच्या विमा कंपनीकडून पूर्ण रक्कम मागता येते. तुम्ही त्या तिन्ही वाहनांच्या दृष्टीने तिऱ्हाईतच आहात.

हा पुरावा कुठे आहे, ते तुमच्याच पत्रात आहे. पहिल्या धडकेत पट्टा होता, काही झाले नाही. मनगट मोडले ते दुसऱ्या धडकेत, हात डॅशबोर्डवर टेकलेला असताना. अपघाताच्या कागदांत मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘कार ट्रकवर आदळून जखमी.’ दवाखान्यात पहिल्यांदा नेले तेव्हाच्या केसपेपरवर तुमची हकिकत काय लिहिली आहे ते बघा. तुम्ही वेदनेने कळवळत असणार, म्हणजे ती दुसऱ्याच कुणीतरी सांगितलेली असेल. तिथे एकच धडक लिहिली असेल तर घाबरू नका, पण पोलिसांकडे तुमचा स्वतंत्र जबाब झाला नसेल तर या आठवड्यात लेखी अर्ज देऊन तो नोंदवा. दोन धडका, मधला वेळ, पट्टा काढल्याचे, हात कुठे होता ते, सगळे जसेच्या तसे सांगा. वेग किती होता, अंतर किती होते असे विचारले आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाजाने सांगितलेला आकडाच उलटतपासणीत गळ्याशी येतो.

पट्टा काढल्याचे सांगू नका, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. समोरचे वकील तुमची स्वतःची अंशदायी हयगय होती, म्हणजे दुखापतीत तुमच्याही चुकीचा वाटा होता, असे म्हणतील, भरपाईतून काही टक्के कापायला लावतील, असा प्रयत्न ते करणारच. थांबलेल्या गाडीत खाली वाकण्यासाठी पट्टा सोडणे आणि धावत्या गाडीत न लावणे यात फरक आहे, तो तुमच्या वकिलांना मांडता येईल. मात्र लपवलेली गोष्ट बाहेर आली की बाकीच्या खऱ्या सांगण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पिकअपबद्दल एक प्रश्न उरतो, आणि तो मोठा आहे : तो स्वतः येऊन धडकला, की बसने मागून ढकलल्यामुळे तुमच्यावर आला? तुम्ही पत्रात आधी पिकअप आणि मग बस असा क्रम दिला आहे. तुम्हाला एकच दणका जाणवला की दोन? शांत बसून आठवा. आधी पिकअप आदळला आणि मग बस, असे असेल तर पिकअपचा दोष दिसतो. बसच्या धक्क्याने तो पुढे आला असेल तर भार बसकडे सरकतो. याचे उत्तर मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात आणि पंचनाम्यात सापडू शकते : पिकअपचा पुढचा भाग किती दबला, मागचा किती, तुमच्या गाडीची डिकी कुठपर्यंत आत गेली, टायर घासल्याच्या खुणा. ट्रकचे ब्रेकलाइट चालू होते का, तेही त्याच अहवालात बघा. या सगळ्याच्या प्रती पोलीस ठाण्यातून मागून घ्या. टोलनाक्यावरचे आणि महामार्गावरचे सीसीटीव्ही चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, साडेचार महिन्यांनंतर आशा थोडी आहे. तरी तपास अधिकाऱ्याने ते तेव्हाच ताब्यात घेतले होते का, हे विचारा.

ट्रकवाल्यांच्या ‘चूक मागच्याची’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवणे हे मागच्याचे कर्तव्य आहे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते न ठेवणाऱ्या गाडीच्या बाजूने आलेला दावा नाकारलाही. पण २०२५ चा निकाल दुसरी बाजू दाखवतो. महामार्गावर कारने एकदम ब्रेक मारला, मागून दुचाकीवर येणारा विद्यार्थी तिला धडकून पडला आणि त्यामागच्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायालयाने कारचालकाला ५० टक्के, बसला ३० टक्के आणि त्या विद्यार्थ्याला २० टक्के दोषी धरले. महामार्गावर इशारा न देता थांबणे ही हयगय आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या ट्रकलाही हे लागू करून बघता येते. तो विद्यार्थी स्वतः वाहन चालवत होता आणि त्याने पुरेसे अंतर ठेवले नव्हते, म्हणून त्याचे २० टक्के कापले गेले. तुम्ही चालवत नव्हतात.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण करतो. तुमचे उत्पन्न महिन्याला १५,००० रुपये मानले तर प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्यांसाठी भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. चौतिसाव्या वर्षी गुणक (वयाप्रमाणे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो ठरलेला आकडा) १६, म्हणजे ४०,३२,०००. कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट झाली असे ठरले तर एवढ्या एका बाबीचे ८,०६,४०० रुपये होतात. दवाखान्याचा खर्च, बसून गेलेले महिने, पुढे प्लेट काढण्याचे ऑपरेशन, मदतनिसाचा खर्च आणि वेदना यांची भरपाई वेगळी. आता त्या ४०,००० कडे बघा.

यातला २० हा आकडा आपोआप मिळत नाही. डॉक्टर प्रमाणपत्रावर ‘मनगटाचे १२ टक्के अपंगत्व’ असे काहीतरी लिहितील. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाप्रमाणे तो आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही, तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचे. कारकून उजवे मनगट कमी वळत असतानाही नोकरी करू शकेल. शिवणकाम करणारीला कात्री बंद म्हणजे धंदा बंद. म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागेल आणि त्यांनी पकड, वळण आणि कात्री याबद्दल बोलावे लागेल. उत्पन्नाची पावती नसणार, तर शिवणाची वही, गिऱ्हाइकांचे मोबाइलवरचे पैसे, दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांची साक्ष जमवा. वही आत्ताच जपून ठेवा. मागाहून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. ‘माझी तक्रार नाही’ ही ओळ पुढे पिकअपच्या विमा कंपनीचा वकील तुम्हालाच वाचून दाखवेल. तडजोड करायचीच असेल तर दावा लावल्यानंतर लोकअदालतीत करा, पण शस्त्रक्रिया आणि अपंगत्वाचे चित्र स्पष्ट झाल्यावर, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला २,५०,००० रुपये मिळतात हेही खरे आहे. ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो, तुमच्या बाबतीत मी ते सुचवणार नाही.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ असा करार मागणाऱ्या वकिलाला नाही म्हणा. बार कौन्सिलच्या नियमांत तो बसत नाही.

आणि अर्ज दाखल करण्याआधी दिरांशी स्वतः बोला. काही दिवसांनी त्यांच्या हातात न्यायाधिकरणाची नोटीस पडेल, ती त्यांना पोस्टमनकडून कळू नये. नोटीस आली की तिची प्रत लगेच विमा कंपनीकडे द्यायची, आणि गैरहजर राहायचे नाही, एवढे त्यांना सांगून ठेवा. त्यांनाही लागले असेल तर ट्रक, पिकअप आणि बस यांच्याविरुद्ध त्यांचा वेगळा दावा होऊ शकतो, आणि त्यांचेही सहा महिने तुमच्याबरोबरच संपत आहेत.